जवसाच्या दोऱ्यापासून रात्रीच्या लाइनपर्यंत

आठवीच्या इंग्रजीच्या चाचणीत एक प्रश्न होता: ‘लाइन’ या शब्दाचा अर्थ मराठीत लिहा. उत्तरसूचीत दोनच उत्तरं होती, रेषा किंवा ओळ. परभणी जिल्ह्यातली आमची शाळा, बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘लाइन म्हणजे करंट.’ मी लाल पेन उचलला आणि तसाच धरून बसले. आदल्या रात्रीच अकरा वाजता शेजारच्या मामांनी भिंतीपलीकडून विचारलं होतं, “मॅडम, लाइन आली का ओ?” आणि मी म्हणाले होते, “आली की, मघाच.” त्यांनी विचारलेल्या लाइनीचा अर्थ रेषा नव्हता, ओळही नव्हता. मला तो कुणी समजावून सांगावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटायच्या आधी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि मुलांना म्हटलं, घरी, शेतात, बाजारात हा शब्द कुठं कुठं ऐकता ते सांगा. रेशनची लाइन. ठिबकची लाइन. रेल्वेची लाइन. पोलीस लाइन. फोनची लाइन लागंना. दादा मेडिकल लाइनला गेला. बॉलरची लाइन चुकली. सातबारा ऑनलाइन निघतो. मागच्या बाकावरून हसू दाबत ‘लाइन मारणे’सुद्धा आलं, तेही लिहून घेतलं. मग पुढच्या बाकावरचा एक पोरगा काळजीनं म्हणाला, “मॅडम, एवढे अर्थ पाठ कसे करायचे?”

पाठ करूच नयेत. हे सगळे अर्थ एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत, आणि तो दोरा खराखुरा आहे. तो जवसाचा आहे.

जवस आपल्याला नवा नाही. रब्बीत ज्याची निळी फुलं वाऱ्यावर हलतात आणि ज्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, तोच. शास्त्रीय भाषेत त्याला ‘लायनम युसिटॅटिसिमम’ म्हणतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये दिलेलं हे नाव, त्याचा अर्थ ‘सगळ्यात उपयोगी लायनम’. आपण जवस बियांसाठी, तेलासाठी पेरतो. आपलं झाड बुटकं आणि फांद्या फुटलेलं असतं. युरोपातल्या थंड, ओलसर हवेत त्याच झाडाचा दुसरा प्रकार उंच, सरळ, कमी फांद्यांचा वाढवतात, तो खोडातल्या धाग्यासाठी. आपल्याकडं अंबाडी पाण्यात भिजत घालून तिचा वाख काढायची रीत होती. तशीच तिथं जवसाची खोडं पाण्यात कुजवून, वाळवून, झोडपून धागा मोकळा करत. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन.

लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत आणि त्याच्या दोऱ्याला ‘लिनिआ’. हाच ‘लिनिआ’ इंग्रजीत ‘लाइन’ झाला. तो दोन वाटांनी आला. एकदा फार पूर्वी, इंग्रजीच्या जुन्या रूपात, तेव्हा त्याचा अर्थ दोर असा होता. पुढं पुन्हा फ्रेंचमधून आला, तेव्हा बरोबर रेषेचा अर्थ घेऊन आला. कालांतरानं दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. म्हणून आजही इंग्रजीत मासे पकडायच्या गळाच्या दोरीला, कपडे वाळत घालायच्या दोरीला आणि जहाजावरच्या दोरखंडाला लाइनच म्हणतात. शब्दाचा पहिला अर्थ दोरी. रेषा नंतरची.

आता दोरीची रेषा कशी झाली? हे कळायला कुठल्याही बांधकामावर जाऊन पाच मिनिटं उभं राहावं. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकतो, त्यांत दोरी ताणून बांधतो आणि तिच्या कडेनं वीट लावत जातो. त्या दोरीला आपल्याकडचे गवंडी लाइनदोरी म्हणतात. हा शब्द मला अतिशय आवडतो, कारण त्याच्या दोन्ही अर्ध्यांचा अर्थ एकच आहे. दोरीला जोडून लॅटिनची दोरी. आणि सुतार काय करतो? दोरीला काव लावतो, फळीवर ताणून धरतो, मधोमध चिमटीत उचलून सोडतो. टप् असा आवाज होतो आणि लाकडावर लाल रेघ उमटते. दोरी उचलली तरी रेघ राहते. माझ्या मते या शब्दाच्या सगळ्या प्रवासातला मोलाचा क्षण हाच. वस्तू निघून गेली, तिची खूण राहिली आणि खुणेला वस्तूचं नाव पडलं. घराचा पाया खोदण्याआधी फक्की टाकून जमिनीवर जो आराखडा आखतात, त्याला आपण ‘लाइन आउट’ म्हणतो. तिथंही आधी दोरी ताणतात, मग फक्की पडते.

इंग्रजांनी हे एकट्यानं केलं असं समजायचं कारण नाही. संस्कृतात ‘सूत्र’ म्हणजे दोरा. दोऱ्यानं मापणारा, आखणारा तो सूत्रधार, आणि त्याच शब्दाचा घासून घासून ‘सुतार’ झाला. दोऱ्यासारखं आटोपशीर, सरळ वाक्य म्हणजेही सूत्र. गणितातलं सूत्र तेच, व्याकरणातलं तेच, आणि गॅदरिंगमध्ये ज्याच्या हातात माइक असतो त्या सूत्रसंचालकाच्या हातातही नावापुरता दोराच आहे. ‘सूत’ तर मापही झालं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. स्लॅबला तीन सुती सळई घालायची की चार सुती यावर आपल्याकडं घरोघरी चर्चा होते. इंग्रजीत लाइन हेही एक जुनं माप होतं, इंचाचा बारावा भाग, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर. दोन दूरच्या भाषांनी दोऱ्याकडं पाहिलं आणि दोघींनाही त्यात माप दिसलं, नियम दिसला.

रेघ मिळाली की पुढच्या अर्थांना वेळ लागत नाही. रेघेवर अक्षरं मांडली की लिखाणाची ओळ. त्यातूनच नटाच्या तोंडचं वाक्य आणि कुणाला लिहिलेल्या ‘दोन ओळी’. रेघेवर माणसं उभी राहिली की रांग. (इंग्लंडमध्ये रांगेला ‘क्यू’ म्हणतात, अमेरिकेत लाइन. आपण रांगेचा लाइन हा अर्थ असा उचलला, की क्यू म्हणणारा माणूस आपल्याला परका वाटतो.) रेघेवर तंबू किंवा घरं बांधली की सैनिकांच्या ‘लाइन्स’. निजामाच्या काळात हिंगोली, जालना, औरंगाबाद इथं फौजेच्या छावण्या होत्या. आज शिपायांच्या वसाहतीला पोलीस लाइन म्हणतो, ते याच घराण्यातलं. रेघेवर पिढ्या मांडल्या की वंश. इथं मराठीनं वेगळी वाट धरली. इंग्रजीनं वंशाची रेघ ओढली, आपण वंशाची वेल लावली. वेल फुटते, फांदते, भिंतीवर चढते. मला तरी आपली प्रतिमा जास्त खरी वाटते.

खोलात शिरायचं ते यापुढच्या फांदीत, कारण आठवीतल्या त्या मुलीचं उत्तर तिथं आहे.

ताणलेल्या दोरीवरून काहीतरी इकडून तिकडं जाऊ शकतं. एकोणिसाव्या शतकात माणसानं लोखंडाचे रूळ लांबच लांब अंथरले, तारा खांबांवर ओढल्या, नळ जमिनीत पुरले. लांब, बारीक, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या या सगळ्या वस्तू लाइन झाल्या: रेल्वे लाइन, तारेची लाइन, पाइपलाइन. १९०० च्या सुमारास हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. पुढं ती रुंद झाली, पण म्हातारी माणसं अजून जुन्या रुळाला ‘छोटी लाइन’ म्हणतात. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली, अडीच फुटी रुळांची.

मग आणखी एक पाऊल पडलं. लाइनमधून जे वाहतं त्यालाच लाइन म्हणू लागले. तारेत वीज येते, म्हणून ‘लाइन आली’. खरं तर तार कुठं गेलेलीच नसते, खांबावरच असते. आलेली असते ती वीज. पण म्हणताना आपण तारेलाच येणारी-जाणारी करतो. हे चुकीचं इंग्रजी आहे का? ‘तार’ या शब्दाचं आपण काय केलं ते आठवा. तार म्हणजे धातूचा तंतू. त्यावरून निरोप यायला लागला आणि निरोपच तार झाला. ‘गावाकडून तार आली’ म्हटलं की घरात रडारड व्हायची, कारण तार सहसा वाईट बातमीचीच असे. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवा बंद झाली. घागर प्यायली असं कुणी म्हटलं तर घागर कुणी गिळत नाही, घागरीतलं पाणी पितात. भाषा भांड्याच्या नावानं आतल्या वस्तूला हाक मारते, आणि ही सवय जगातल्या सगळ्या भाषांना आहे. आमच्या गावांनी लाइनीच्या बाबतीत तेच केलं. शब्दाचा स्वभाव ओळखून त्याला पुढं नेलं.

या अर्थाला मराठवाड्यात वजन आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची लाइन असली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन शेतात जातो, मोटार चालू करतो, अंधारात दारं धरतो. पायाखाली साप असू शकतो, पायाखालचा चिखल ओला, हातात स्टार्टर. ‘दिवसा लाइन द्या’ ही मागणी ज्यांनी कुठल्याही सभेत ऐकली आहे, त्यांना या एका शब्दात किती झोप, किती भीती आणि किती उसाला, गव्हाला दिलेलं पाणी साठलंय ते कळेल. शब्दकोशात हा अर्थ सापडो न सापडो, माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात तो पहिला आहे.

आणि या शब्दाच्या तीन-चार फांद्या एकदा एकाच शहरात एकत्र आल्या होत्या. २०१६ चा उन्हाळा, लातूर. पाण्याच्या टाक्यांजवळ इतक्या मोठ्या लाइनी लागू लागल्या की मार्चमध्ये जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर डबे, सुमारे पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ज्या वाटेनं एकेकाळी बार्शी लाइट हळूहळू धावायची, त्याच मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर वाटेनं, आता रुंद झालेल्या लाइनीवरून. स्टेशनात पोचलेलं पाणी डब्यांतून उतरवून घ्यायला पुन्हा पाइपची लाइन. आणि शेवटी गल्लीत टँकर आला की घागरींची लाइन. रूळ, नळ आणि रांग. तिन्हींचं नाव एक, आणि त्या उन्हाळ्यात तिन्हींमधून वाहिलं ते एकच.

इतके अर्थ असूनही बोलताना आपला गोंधळ का होत नाही? कारण आपण नुसता ‘लाइन’ कधीच म्हणत नाही. शेजारचं क्रियापद अर्थ ठरवतं. लाइन आली-गेली म्हटलं की वीज. लाइन लागली म्हटलं की रांग, आणि लाइन लागंना म्हटलं की फोन. लाइन फुटली तर पाण्याची, तुटली तर विजेची. लाइन मोडू नका म्हटलं की रांगेतल्यांना दटावणं चाललंय. लाइन धरली म्हणजे धंदा पकडला, लाइनीवर आला म्हणजे सुधारला. एक शब्द, पण त्याच्या शेजारी कोण बसलंय यावर त्याची ओळख ठरते. मुलांना मी हेच दोन रकाने करून लिहायला लावलं, अन् अर्ध्या तासात पाठ करण्याची काळजी संपली.

इंग्रजीत हेच काम क्रियापदापेक्षा चिमुकली अव्ययं करतात. ‘इन लाइन’ म्हणजे रांगेत. ‘ऑन लाइन’ म्हणजे जोडलेला, तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे असा. ‘आउट ऑफ लाइन’ म्हणजे मर्यादा सोडून वागणारा. ‘डाउन द लाइन’ म्हणजे पुढं कधीतरी. ‘बिटवीन द लाइन्स’ वाचणं म्हणजे न लिहिलेलं ओळखणं. आपल्या मुलांची इंग्रजीत जी अडचण होते ती बहुतेक इथं. मूळ शब्द त्यांना येतो, शेजारचं ‘इन’, ‘ऑन’, ‘आउट’ निसटतं. मराठीत हे काम प्रत्यय आणि क्रियापदं करतात, त्यामुळं आपलं लक्ष शब्दानंतर काय येतं तिकडं असतं. इंग्रजी वाचताना ते शब्दाच्या आधी काय आलंय तिकडं न्यावं लागतं.

धंद्याचा अर्थ थोडक्यात सांगते. ‘तुमची लाइन कोणती?’ असं मोंढ्यातला अडत्याही विचारतो आणि लातूरच्या क्लासेसबाहेर उभा असलेला पालकही. इंग्रजीत हा अर्थ सतराव्या शतकापासून आहे. बायबलच्या १६११ च्या भाषांतरात ‘दुसऱ्याच्या लाइनमधल्या’ कामाची फुशारकी मारू नये अशा आशयाचं वाक्य आहे. तिथं मूळ ग्रीक शब्द मापाच्या काठीचा होता. वाचणाऱ्यांनी लाइनचा अर्थ कामाचं क्षेत्र असा लावला, आणि बहुधा तिथूनच तो रुळला. म्हणजे ‘मेडिकल लाइन’मध्येही कुठंतरी मापाची काठी दडलेली आहे. दहावीच्या निकालानंतर आमच्या मुलांना ती रोज जाणवते.

रेघेचा एक कठोर अर्थ म्हणजे हद्द. भारत-पाकिस्तानमधल्या ताबारेषेला १९७२ च्या सिमला करारानं ‘लाइन ऑफ कंट्रोल’ हे नाव मिळालं. दारिद्र्यरेषेत मात्र सरकारी मराठीनं ‘रेषा’ ठेवली. कार्डावर रेषा, आणि ते कार्ड घेऊन उभं राहायचं ते लाइनीत. ‘डेडलाइन’ हा शब्द आज पीकविम्याचा अर्ज भरतानाही ऐकू येतो. तो जन्मला अमेरिकेच्या यादवी युद्धात. १८६४ मध्ये जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांनी पुढं विसाव्या शतकात तो शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी घेतला आणि त्यातलं रक्त पुसलं गेलं.

एक फांदी अशी आहे जिचा रेघेशी संबंधच नाही, आणि म्हणून ती फसवते. शिंपी ब्लाउजला ‘लायनिंग’ लावतो, म्हणजे अस्तर. पूर्वी जाड कपड्यांना आतून लिनन लावत, म्हणून आतून कापड लावणं हेच इंग्रजीत ‘लाइन करणं’ झालं. हा शब्दही जवसातूनच निघाला, पण दोरीतून न येता कापडातून आला. मोटारसायकलचे ब्रेक लायनर आणि ट्रॅक्टरच्या इंजिनातलं लायनर हे याच अस्तराचे वंशज. आतून लावलेला थर, एवढाच त्यांचा अर्थ.

‘लाइन मारणे’ इंग्रजीत सापडत नाही, ते आपलं. मुलांनी हसत सांगितलं तरी मी त्यांना विचारलं, मराठीत जुनी माणसं प्रेम जमल्याला काय म्हणायची? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “सूत जुळलं, म्हणायची.” तिथंही दोराच. फरक इतकाच की सूत दोघांचं जुळतं, लाइन एकटाच मारतो. वर्गातल्या मुलींनी हा फरक माझ्या आधी ओळखला होता.

‘करंट’ लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण दिले आणि तिच्या उत्तरापुढं रेषा, ओळ हे अर्थही लिहून दिले. पेपर घेऊन ती परत आली. मला वाटलं गुणांबद्दल काही विचारेल. तिनं विचारलं, “मॅडम, मग आयलायनर कोणतं? ब्रेक लायनरवालं, का रेघवालं?”

मी म्हटलं, “तूच सांग. डोळ्याला आतून अस्तर लावतात का?”

तिनं बोटानं पापणीच्या कडेकडेनं हवेत एक रेघ ओढली आणि म्हणाली, “सुताराच्या बाजूचं.”